‘स्वच्छ’ नको म्हणणाऱ्यांना

पुण्यात कचऱ्याचा विषय निघाला की गेली काही वर्षे एकच मागणी ऐकू येते. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेचा करार संपवा, एखादी मोठी कंपनी नेमा, दारात गाड्या येऊ द्या, आणि संस्था-संघटनांच्या कटकटीतून शहराला मोकळे करा. सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांत ही मागणी होते, क्षेत्रीय कार्यालयातल्या बैठकांत होते, आणि करार संपत आला की महापालिकेच्या सभागृहातही होत आली आहे. ती करणारे बहुतेक लोक दुष्ट नाहीत. त्यांना सकाळी आपल्या दारातला कचरा उचललेला हवा आहे, एवढीच त्यांची सरळ अपेक्षा आहे. त्यांच्या बोलण्यात काही खरेही आहे, ते पुढे येईलच. पण त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात तो चुकीचा आहे, अन्यायाचा आहे आणि शहराला महागात पडणारा आहे. हे मला सविस्तर मांडायचे आहे.

आधी ही संस्था म्हणजे कोण, हे सांगायला हवे, कारण तिच्यावर बोलणाऱ्या अनेकांना ती ठेकेदार वाटते, तर काहींना धर्मादाय संस्था. ती दोन्ही नाही. १९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची एक परिषद भरली आणि तिच्यातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या त्याआधी काही वर्षे कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये काम करत होत्या. या बायका कुठून आल्या? बऱ्याच जणींची कुटुंबे १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून गाव सोडून शहरात आलेली. जवळजवळ सगळ्या दलित, त्यातही मातंग आणि बौद्ध समाजातल्या. शेतात मजुरी उरली नव्हती आणि घरकाम द्यायला जात आड येत होती. उरला तो रस्त्यावरचा कंटेनर. पाठीवर पोते टाकून पहाटे निघायचे, कंटेनरमध्ये वाकून कागद, पुठ्ठा, काच, पत्रा वेगळा काढायचा, कुत्र्यांपासून सांभाळायचे आणि दुपारी भंगारवाल्याच्या काट्यावर माल घालायचा, असा त्यांचा दिवस असे. कुठे चोरी झाली की पोलिसांचा पहिला संशय त्यांच्यावर.

संघटनेने पहिली लढाई केली ती ओळखपत्राची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुणे महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे या बायकांच्या हाती आली. कचरावेचकांना कामगार म्हणून अशी मान्यता देणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या महापालिकांपैकी पुण्याची एक. पुढे पालिकेने त्यांचा वैद्यकीय विमा उतरवला. २००१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले, की या बायका रोज जेवढा माल कचऱ्यातून वेगळा काढतात तेवढा उचलण्याचा, वाहण्याचा आणि टाकण्याचा खर्च पालिकेचा वाचतो. म्हणजे ज्यांना शहर उपरे समजत होते त्या शहराचे काम फुकट करत होत्या. याच सुमारास, २००० साली, घनकचऱ्याचे केंद्रीय नियम आले आणि घरोघर जाऊन कचरा गोळा करणे व त्याचे वर्गीकरण करणे पालिकांना बंधनकारक झाले. तेव्हा संघटनेने सरळ प्रस्ताव ठेवला. हे काम आम्हाला येते, आम्ही ते वर्षानुवर्षे करत आहोत, आता कंटेनरऐवजी दारातून करू द्या. काही भागांत प्रयोग झाला, मग सहकारी संस्था नोंदवली गेली, आणि २००८ साली पालिकेशी पाच वर्षांचा पहिला करार झाला. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था आहे. संचालक मंडळात त्या बसतात. आज साडेतीन हजारांहून अधिक सभासद लाखो घरांतला कचरा उचलतात.

आता आक्षेपांकडे येऊ.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप शुल्काचा. आम्ही घरपट्टी भरतो, तिच्यात सफाईपट्टी असतेच, मग या बायकांना दरमहा वेगळे पैसे का द्यायचे? हा प्रश्न विचारण्याचा नागरिकाला पूर्ण हक्क आहे. पण त्याचे उत्तर पालिकेने द्यायचे आहे. दारात उभ्या असलेल्या बाईने नव्हे. घरातून निघालेला कचरा गोळा करण्याच्या सेवेसाठी वापरकर्ता शुल्क घेण्याची तरतूद २०१६च्या केंद्रीय नियमांनी स्पष्टपणे केली आणि देशातल्या अनेक शहरांत ते घेतले जाते. पुण्यातला फरक इतकाच, की इथे ते पैसे पालिकेच्या तिजोरीत जाऊन, निविदेतून वळसा घेऊन, ठेकेदाराच्या खात्यातून उरलेसुरले कामगारापर्यंत पोचत नाहीत. ते काम करणारीच्या हातात थेट पडतात. रक्कम एका घरामागे महिन्याला शंभर रुपयांच्या आतली. एका वेळच्या हॉटेलच्या बिलात ती हरवून जाईल. तरीही ती द्यायला सोसायट्या महिनोन्‌महिने लावतात, आणि तिसऱ्या महिन्यात थकबाकी मागणाऱ्या बाईला उर्मट ठरवतात.

याच आक्षेपाचे दुसरे रूप अधिक दुखावणारे आहे. ‘तुम्ही समाजसेवी संस्था ना? मग पैसे कसले मागता?’ या एका वाक्यात आपल्या शहराचा संस्थांकडे पाहण्याचा दृष्टिकोन पुरता उघड होतो. पुण्याला संस्था प्रिय आहेत यात शंका नाही. १८७०ची सार्वजनिक सभा, महर्षी कर्व्यांनी १८९६ साली सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम, रमाबाई रानडे यांचे सेवासदन, खेड्यातून शिकायला आलेल्या मुलांना छप्पर देणारी विद्यार्थी सहाय्यक समिती, व्यसनमुक्तीचे काम करणारे मुक्तांगण, ही परंपरा मोठी आणि अभिमानाची आहे. पितृपक्षात भरणाऱ्या ‘देणे समाजाचे’ या प्रदर्शनात लोक जातात, स्टॉलवर थांबतात, माहिती घेतात, धनादेश लिहितात. त्या दातृत्वाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या नात्यात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. ‘स्वच्छ’ त्या नात्यात बसत नाही. ती देणगी मागत नाही, कामाचा मोबदला मागते. तिचे सभासद उपकाराबद्दल हात जोडत नाहीत, करार वाचून दाखवतात. ज्या बाईला पाहून आपल्याला दया यायची ती समोर उभी राहून ‘मागच्या महिन्याचे राहिलेत’ म्हणते, तेव्हा अनेकांना ते सहन होत नाही. संस्थेने गरिबाचे भले करावे, पण गरिबाने हक्काने बोलू नये, अशी ही अपेक्षा आहे. ती मान्य करण्याचे काहीही कारण नाही.

दुसरा युक्तिवाद कार्यक्षमतेचा. कंपनी आली की शिस्त येईल, गाड्यांवर जीपीएस बसेल, गणवेशातले कर्मचारी वेळेवर येतील. हे ऐकायला चांगले वाटते. म्हणून त्यातला व्यवहार उलगडून पाहायला हवा. कचऱ्याच्या ठेक्यात पैसे सहसा कशावर मिळतात? वजनावर. किती टन उचलले आणि किती टन डेपोवर नेऊन टाकले, त्यावर ठेकेदाराचे बिल निघते. मग त्याचे हित कशात? कचरा जड असण्यात. ओला-सुका एकत्र असला तर त्याला चालते, पावसात भिजला तर त्याला चालते. मुंबईत तर वजन फुगवण्यासाठी कचऱ्यात राडारोडा मिसळल्याच्या तक्रारी होऊन चौकशा लागल्या. कचरावेचक बाईचे हित नेमके याच्या उलट असते. तिला घराघरातून मिळणाऱ्या शुल्काखेरीज उत्पन्न मिळते ते सुका माल विकून. जितका माल ती कोरडा आणि वेगळा ठेवू शकेल तितकी तिची कमाई, आणि तितके डेपोचे ओझे कमी. पुठ्ठा, रद्दी, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, काच, पत्रा, ॲल्युमिनियम, प्रत्येकाचा भाव वेगळा, गिऱ्हाईक वेगळे, भाव पडण्या-चढण्याचे दिवस वेगळे. हे सगळे तिला तोंडपाठ असते. कुठल्या प्लास्टिकचा पुनर्वापर होतो आणि कुठल्याचा होत नाही, हे ती बोटांनी चाचपून सांगते. शाळेत न गेलेल्या माणसाचे ज्ञान आपण ज्ञान मानत नाही, म्हणून या कौशल्याला ‘अकुशल’ म्हणण्याची चूक होते.

ज्यांना हे पर्यावरणाचे पुस्तकी बोलणे वाटते त्यांनी उरुळी देवाची आणि फुरसुंगी आठवावी. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे त्या गावांच्या माथी मारला गेला. विहिरी खराब झाल्या, हवेत दुर्गंधी भरून राहिली, गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. २०१७च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी कचरा घ्यायला साफ नकार दिला आणि तीन आठवडे पुण्याच्या रस्त्यांवर ढीग साचले. त्या दिवसांत शहराला कळले, की कचरा उचलला जाणे आणि कचऱ्याची विल्हेवाट लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठेकेदाराची गाडी पहिली गोष्ट झटपट करते. दुसरीसाठी कचरा मुळात कमी व्हावा लागतो, आणि तो दारात, माणसाच्या हाताने, वेगळा होतो. फुरसुंगीच्या माणसाच्या बाजूने विचार केला तर पुण्यातल्या प्रत्येक कचरावेचकाने रोज वेगळा काढलेला माल हा त्याच्या अंगणात न आलेला कचरा आहे. आपल्या सोयीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न कंपनी आणा म्हणणाऱ्यांच्या हिशेबात कुठेच येत नाही.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. तो प्रतिगामी माणसे घेत नाहीत, पुरोगामी घेतात, आणि म्हणून त्याला जास्त जागा द्यायला हवी. ते म्हणतात, दलित बायकांना पिढ्यान्‌पिढ्या कचऱ्यात ठेवणारी व्यवस्था तुम्ही सहकाराचे नाव देऊन पक्की करत आहात. त्यांना या कामातून बाहेर काढा. यंत्रे आणा. कचरा माणसाने हाताळणेच अपमानास्पद आहे.

या आक्षेपामागची तळमळ मला समजते आणि तिच्या अर्ध्या भागाशी मी सहमत आहे. गटारात माणूस उतरवणे हा गुन्हा आहे, कायद्याने आणि माणुसकीनेही. तिथे यंत्रच हवे, आज हवे. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर उघड्या हातांनी वेगळे करायला लागणे ही विटंबना आहे. पण याविरुद्ध आवाज उठवला कोणी? याच बायकांनी. २०१३ साली त्यांनी वापरलेल्या सॅनिटरी कचऱ्याची पोती भरून थेट ते उत्पादन करणाऱ्या कंपन्यांकडे पाठवली आणि सांगितले, नफा तुमचा, मग घाणही तुमची. कचऱ्याच्या पुडीवर लाल ठिपका काढून ती वेगळी द्या, ही मोहीम त्यांनी घरोघर नेली. जुन्या वर्तमानपत्रांपासून त्यासाठी पिशव्या बनवल्या. उत्पादकाची जबाबदारी हा विषय परिसंवादांत चर्चिला जातो. पुण्यात तो पोत्यांत भरून कंपन्यांच्या दारात नेला गेला. अपमान काय असतो हे त्यांना कोणी शिकवायला नको. तो कसा हटवायचा हेही त्याच सांगत आहेत.

जातीचा प्रश्न कंपनी आल्याने सुटतो का, ते तपासून पाहा. ठेकेदाराच्या गाडीवर मागे लटकणारा कामगार कुठल्या जातीचा असतो? कोणत्याही शहरात जाऊन पाहा. जात तीच असते, वस्ती तीच असते, फक्त बाईच्या जागी बहुधा पुरुष असतो, कारण गाडीवरची कामे पुरुषांना जातात. माल विकण्याचा हक्क जातो, कारण उचललेला सगळा कचरा कंपनीचा होतो. वेळापत्रकावर, मजुरीवर, सुट्टीवर बोलायची जागा जाते, कारण बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नको असे सांगता येते. म्हणजे जात राहते आणि मालकी जाते. याला मुक्ती कसे म्हणायचे? ज्या बाईला हे काम सोडायचे आहे तिला सोडता यावे, तिच्या मुलीला ते करावेच लागू नये, यासाठी शिक्षण, पतपुरवठा, निवृत्तिवेतन हवे. संघटनेने मुलांच्या शाळेसाठी, बचतीसाठी, विम्यासाठी केलेले काम याच दिशेचे आहे. अनेकींची मुले आज वेगळ्या व्यवसायांत आहेत. पण बाहेर पडण्याचा निर्णय तिचा असला पाहिजे. तिच्या वतीने दुसऱ्याने निविदा काढून तिला ‘मुक्त’ करणे म्हणजे तिची उपजीविका हिसकावून घेणे आहे, आणि त्याला पुरोगामी शब्दांचे पांघरूण घातले तरी ते तसेच राहते.

यंत्रांनाही विरोध नाही. सॉर्टिंग शेडमध्ये पट्टा हवा, गठ्ठे बांधणारे यंत्र हवे, चढावर ओढाव्या लागणाऱ्या ढकलगाडीला बॅटरी हवी. प्रश्न यंत्र कोणाचे हा आहे. सभासदांच्या मालकीचे यंत्र श्रम हलके करते. ठेकेदाराचे यंत्र माणसे कमी करते.

चौथा एक विचार आहे. डाव्या मंडळींकडून तो येतो आणि त्याचे सूत्र असे: स्वच्छता हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते आहे, चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही घनकचऱ्याचे काम नागरी संस्थांकडे दिलेले आहे. मग हे काम करायला सगळे कामगार पालिकेने कायम नोकरीत का घेऊ नयेत? संस्था मध्ये आली की शासन आपली जबाबदारी झटकते.

तत्त्व म्हणून हे बरोबर आहे, आणि उद्या पुणे महापालिका या सगळ्या बायकांना कायम सेवेत, पूर्ण वेतनावर, भंगाराच्या हक्कासह घ्यायला तयार झाली तर मी तिचे स्वागत करीन. पण तो पर्याय कोणी टेबलावर ठेवलेलाच नाही. ‘स्वच्छ’ गेली तर तिच्या जागी कायम नोकरी येणार नाही, ठेका येणार आहे. हे निविदेच्या प्रत्येक चर्चेत दिसले आहे. शिवाय संघटना शासनाला सोडवते हा समज पुण्याच्या इतिहासाला धरून नाही. बाबा आढावांनीच पुढे आणलेल्या हमाल पंचायतीकडे पाहा. हमालांनी स्वतःची संघटना केली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, मंडळे आली, कामगारांच्या हक्काचे पैसे जमा होऊ लागले. संघटनेने शासनाला मोकळे सोडले नाही, कायदा करायला लावला. हमाल पंचायतीने १९७४ साली सुरू केलेली ‘कष्टाची भाकर’ आजही स्वस्तात पोटभर जेवू घालते; तिने रेशनव्यवस्थेची जागा घेतली नाही, तिची गरज लोकांना जाणवून दिली. कचरावेचकांच्या बाबतीतही हेच झाले. २०१६च्या नियमांत कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता द्यावी आणि त्यांना घनकचरा व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे बंधन स्थानिक संस्थांवर आले. पुण्यासारख्या शहरांतले काम समोर नसते तर ती तरतूद कागदावर आली असती का? कायदा आधी रस्त्यावर लिहिला गेला, मग राजपत्रात.

आणखी एक गोष्ट या संदर्भात विसरू नये. मार्च २०२२मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे निवडणूक झाली नाही. कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात पाणी, रस्ते, नदीकाठ, कचरा या प्रत्येक प्रश्नावर शहराच्या वतीने बोलले कोण? नागरिकांच्या संघटना. माहिती अधिकारात कागद मागवणारे, अंदाजपत्रकाचा हिशेब तपासणारे, झाडे तोडण्याविरुद्ध हरकती नोंदवणारे हे लोक होते. लोकनियुक्त सभागृह नसताना संघटनाही नको म्हणणे म्हणजे शहराला मुके करणे होते.

संस्था म्हणजे चार माणसांचे दुकान, परदेशी पैशांवर चालते, हा आरोप मी थोडक्यात घेतो कारण त्यात फारसा दम नाही. ‘स्वच्छ’च्या सभासदांचे उत्पन्न पुण्यातल्या घरांतून आणि पुण्यातल्या भंगाराच्या बाजारातून येते. व्यवस्थापनाचा आणि साधनांचा खर्च करारानुसार पालिकेकडून यायचा असतो. सहकारी संस्थेचे हिशेब तपासायची कायदेशीर व्यवस्था आहे. ज्याला शंका आहे त्याने हिशेब मागावेत, जाहीरपणे मागावेत, आणि तोच न्याय प्रत्येक ठेकेदाराला लावावा.

राहिला रोजच्या अनुभवाचा भाग. कचरेवाली दोन दिवस आली नाही. वेळ ठरलेली नसते. सुट्टीच्या दिवशी बदली माणूस मिळत नाही. सोसायटीच्या शेवटच्या इमारतीपर्यंत कोणी येत नाही. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या झटकून टाकणे संस्थेच्याच हिताचे नाही. एक जोडी साधारण दोनशे-तीनशे घरे करते. त्यातली एक आजारी पडली की सगळी साखळी विस्कळीत होते. यावर उपाय आहेत. बदली कामगारांची राखीव फळी हवी, तक्रारीला ठरलेल्या मुदतीत उत्तर हवे, प्रत्येक प्रभागात संस्थेची जबाबदार व्यक्ती नागरिकांना माहीत असायला हवी. संस्थेच्या कार्यकर्त्यांनीही ‘आमच्यावर अन्याय होतो’ हे उत्तर प्रत्येक तक्रारीला देणे थांबवावे. सेवा घेणाऱ्याचा राग नेहमीच जातीय नसतो. पुष्कळदा तो फक्त उचलल्या न गेलेल्या बादलीचा असतो.

पण या तक्रारींचे मूळ कुठे आहे तेही पाहा. पहिला करार २०१३मध्ये संपला, पुढचा २०१६मध्ये झाला. मधली वर्षे तात्पुरत्या व्यवस्थेत गेली. २०२० संपताना तोही करार संपला आणि पुन्हा थोड्याथोड्या मुदतवाढींवर काम चालू राहिले. तेही कोरोनाच्या काळात, जेव्हा शहर दारे लावून बसले होते आणि याच बायका संसर्गाची भीती पोटात ठेवून घराघरातला कचरा उचलत होत्या. ज्या संस्थेला पुढच्या तिमाहीत आपण असू की नाही हे माहीत नव्हते, ती बदली कामगारांची फळी कशी उभारणार होती? ढकलगाड्या कधी दुरुस्त करणार होती? हातमोजे, रेनकोट, साबण ही साधने वेळेवर मिळत नाहीत अशी तक्रार सभासद वारंवार करत आल्या आहेत. सुका कचरा वेगळा करायला शेडची जागा मागितली की ती मिळत नाही, मग फुटपाथवर पोती दिसतात आणि त्याच पोत्यांचे फोटो काढून ‘बघा यांनी घाण केली’ असे सांगितले जाते. एखाद्या संस्थेला तोडकी साधने द्यायची, अनिश्चित मुदत द्यायची, आणि मग तिची सेवा तोडकी आहे म्हणून तिला काढा म्हणायचे, हा न्याय नव्हे. हाच निकष कंपन्यांना लावला जात नाही. त्यांना अनेक वर्षांचा करार, जागा, दरवाढीचे कलम, सगळे पहिल्या दिवसापासून मिळते.

आणि नागरिकांनी आपल्या वाट्याचेही बघावे. कचरा वेगळा करून देणे हे कायद्याने आपले काम आहे, कचरेवालीचे नव्हे. फुटलेली काच कागदात न गुंडाळता बादलीत टाकली जाते आणि तिचा हात कापतो. ओल्या कचऱ्यात डायपर टाकला जातो. जिन्यात बसून पाणी पिण्यासाठी तिला हक्काची जागा नसते, लिफ्ट वापरू नको असे तिला सांगितले जाते. लिफ्टची बंदी घालणाऱ्या सोसायटीने सेवेच्या दर्जाबद्दल तक्रार करण्याआधी स्वतःचा ठराव मागे घ्यावा. एकविसाव्या शतकातल्या पुण्यात, जोतिराव फुल्यांच्या शहरात, ही अस्पृश्यता आहे, आणि तिला दुसरे सभ्य नाव देण्याची गरज नाही.

‘स्वच्छ’ला धर्मादाय संस्था समजून तिच्याकडून फुकट सेवेची अपेक्षा धरणे आणि ठेकेदार समजून तिला कमी दराच्या स्पर्धेत उतरवणे, या दोन्हींतून एकच परिणाम होतो: काम करणाऱ्याचा आवाज जातो. शहराने तिला या दोन्हींहून वेगळे, म्हणजे स्वतःच्या कारभाराचा भाग मानावे. तिच्यावर देखरेख ठेवावी, तिच्याकडून जाब मागावा, आणि तिला उभे राहायला जमीन द्यावी.

म्हणून मागण्या सरळ आहेत. तुकड्यातुकड्यांच्या मुदतवाढी टाळून किमान दहा वर्षांचा करार व्हावा. प्रत्येक प्रभागात सुका कचरा वेगळा करण्यासाठी छप्पर, पाणी आणि स्वच्छतागृह असलेली शेड मिळावी. साधने वेळेवर मिळावीत आणि न मिळाल्यास जबाबदार अधिकाऱ्याचे नाव जाहीर व्हावे. ज्येष्ठ सभासदांसाठी निवृत्तिवेतन सुरू व्हावे. सेवेत कसूर झाली तर दंड असावा, आणि शुल्क थकवणाऱ्या व कचरा मिसळून देणाऱ्या सोसायटीलाही असावा. कचऱ्यासंबंधीचा कोणताही नवा ठेका काढण्याआधी कचरावेचकांच्या निवडलेल्या प्रतिनिधींचे म्हणणे सभागृहात ऐकले जावे. ‘स्वच्छ’ हवी असे ज्यांना वाटते त्या वाचकांनी आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, थकलेले शुल्क चुकते करावे, आणि ठरावाची एक प्रत महापालिका आयुक्तांना व एक आपल्या नगरसेवकाला पाठवावी.